मल्लाची बाजू

एरॅटोनचा बाप अथेन्सच्या वेशीबाहेर कातडी कमवायचा. त्या वासाला कंटाळून पोरगं जे पळालं, ते थेट नाटकवाल्यांत जाऊन पडलं. आवाज खणखणीत होता, पाठांतर चोख होतं. पण नशिबात तिसऱ्या नटाची जागा होती. तिसरा नट म्हणजे दाई, पहारेकरी, नाहीतर वाईट बातमी आणणारा जासूद. दुसऱ्यांनी गाजवलेल्या लढाया एरॅटोन धापा टाकत येऊन सांगायचा आणि मुखवटा बदलायला आत पळायचा.

चाळिशी उलटल्यावर त्याला एकदा देव मिळाला. नाटकाच्या शेवटी अपोलो आभाळातून उतरतो आणि सगळ्यांची भांडणं मिटवतो. यारीच्या, म्हणजे नट वर उचलायच्या यंत्राच्या, दोराला बांधून त्याला वर ओढलं, आणि दोर अडकला. वारा सुटला होता. देव गर्रकन फिरला आणि प्रेक्षकांकडे पाठ करून लोंबकळत राहिला. एरॅटोनने तशाच अवस्थेत, मागच्या डोंगराला उद्देशून, आपलं सगळं भाषण म्हटलं. लोक पोट धरून हसले. कुणीतरी सुकं अंजीर नेम धरून मारलं. त्यानंतर त्याला कुणी नाटकात बोलावलं नाही.

तो बायकोच्या धंद्यात शिरला. मेलित्ता बाजारात फुलांच्या माळा विकायची. एरॅटोन अशी काही हाळी द्यायचा की लग्नघरचे सोडाच, नुसते मासळी घ्यायला आलेले लोकही डोक्यावर माळ घालून परत जायचे.

ती हाळी एके दिवशी डेक्सिथिअसच्या कानी पडली. हा डेक्सिथिअस इलिसस नदीकाठच्या बागेत तरुण मुलांना तत्त्वज्ञान शिकवायचा. सरळ व्याख्यान द्यायचं सोडून तो संवाद लिहायचा. दोन माणसं भेटतात, एक विचारतो, दुसरा अडकतो, आणि त्यातून विचार पुढे सरकतो. लिहायचा झकास, पण स्वतः वाचायला बसला की दोन्ही माणसं एकाच गळ्याने कुरकुरायची आणि झाडाखाली मुलं पेंगायची.

"मला दोन गळे हवेत," तो एरॅटोनला म्हणाला. "तुझ्याकडे पाच-सहा तरी दिसतात."

नव्या संवादाची गुंडाळी त्याने पुढे केली. चांगलं वागणं ज्ञानाने येतं की सवयीने, यावर एक परगावचा पाहुणा आणि एक मल्ल वाद घालतात. मल्ल म्हणतो सवयीने. पाहुणा म्हणतो ज्ञानाने.

एरॅटोनने वाचून विचारलं, "गुरुजी, हे बोलतायत कुठे?"

"व्यायामशाळेच्या ओसरीवर."

"मल्लाने अंगाला तेल लावलंय का?"

"त्याने काय बिघडतं?"

"तेल लावलेला माणूस कुस्तीच्या घाईत असतो. तो बसत नाही. बसलेल्या माणसाशी उभ्यानेच बोलणार, आणि तोडून बोलणार."

डेक्सिथिअस खूश होऊन म्हणाला, "लाव तेल."

वाचनाला बाग भरली. पाहुण्याला एरॅटोनने मऊ, लांबट आवाज दिला. मल्लाला मात्र त्याने जीव ओतून उभा केला. मान वाकडी, हात कमरेवर, छातीतून येणारं हसू. जन्मभर दुसऱ्यांचे विजय सांगत आलेल्या माणसाला पहिल्यांदाच कुणाशी तरी समोरासमोर भिडायला मिळालं होतं. पोरं सरसावून बसली. मल्ल बोलला की माना डोलायच्या, पाहुणा बोलला की कुणीतरी खोकायचं.

शेवटी पाहुण्याचा मोठा डाव होता. तो म्हणतो, "तुझं म्हणणं त्या राक्षसासारखं आहे, अँटीअससारखं. धरणी त्याची आई. वीर हेराक्लीसने आपटला की मातीचं बळ घेऊन दुप्पट जोराने उठायचा. शेवटी हेराक्लीसने त्याला उचलून अधांतरी धरला, तेव्हा तो मेला. तुझ्या सवयीलाही ओळखीच्या मातीवरून उचललं की तिच्यात जीव उरत नाही."

यावर मल्लाला एवढंच लिहिलेलं होतं: 'तू म्हणतोस ते अगदी खरं.'

जेवण थंड होतंय म्हणून नवरा बायकोशी भांडण मिटवतो, तशा सुरात एरॅटोनने ते वाक्य म्हटलं. बाग हसून लोळली. एक जण ओरडला, "मल्ल जिंकला." डेक्सिथिअस लालबुंद होऊन उठला आणि निघून गेला.

घरी येईपर्यंत एरॅटोन हवेत होता. मेलित्ताने विचारलं, "मग? पुन्हा कधी बोलावलंय?" तेव्हा कुठे तो जमिनीवर आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी डेक्सिथिअस स्वतःच दारात उभा. एरॅटोनला वाटलं, आता उद्धार होणार. त्याने गुरुजींना बाकावर बसवलं, पुढे मसुराचं कढण आणि कांदा ठेवला. बाजारात मेलित्ता सगळ्यांशी बोलायची, पण घरात परका पुरुष आला म्हणून रीतीप्रमाणे आतल्या दाराच्या पडद्यामागे माळा विणत बसली.

"माझा मुद्दा तू गळ्याने पाडलास," डेक्सिथिअस म्हणाला. "मल्लाकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. तरी तो जिंकला. हे फसवणं झालं, एरॅटोन."

"झालं खरं," एरॅटोन मान खाली घालून म्हणाला. "सगळं आयुष्य मार खाल्लेल्यांची सोंगं केली, गुरुजी. एकदा वाटलं, नको पडायला."

पडद्याआडून आवाज आला, "पण त्या मल्लाला तुम्ही बोलू कुठे दिलंत? ह्यांनी मला रात्री सगळं म्हणून दाखवलं. तो नुसता हो-हो करतो. हो म्हणणारा माणूस हरलेला नसतो, कंटाळलेला असतो."

डेक्सिथिअसने चमचा खाली ठेवला. आता त्याला राहवेना. "बाई, माळ विणायला तू शिकलीस, की सवयीने आली?"

"आईने शिकवली. सगळं समजलं, आणि तरी पहिल्या माळा घरी जाईपर्यंत सुटल्या."

"म्हणजे ज्ञान आधी, हे तुला मान्य आहे."

"मी कुठे मानलं? तुम्ही 'म्हणजे' म्हणालात की मला धडकीच भरते. पुढे खड्डा असणार."

एरॅटोनने घाबरून कपाळाला हात लावला. पण डेक्सिथिअस हसत सुटला, इतका की कढणाचा ठसका लागला. शिष्यांकडून त्याला वर्षानुवर्षं फक्त 'निःसंशय' ऐकायची सवय झाली होती. वाडगं संपेपर्यंत तो पडद्याशी भांडला. त्याला एकही 'हो' मिळाला नाही. जाताना मात्र तो पडद्याकडे वळून म्हणाला, "माझं म्हणणं अजून तेच आहे हो."

"माझंपण," मेलित्ता म्हणाली.

काही दिवसांनी त्याने नवा शेवट आणून दिला. एरॅटोनला ताकीद दिली, "आता मल्लाकडे मुद्दा आहे. पाहुण्यालाही तितकाच चांगला आवाज दे. कुणाला मुद्दाम पाडायचं नाही."

हे एरॅटोनला फार जड गेलं. पाहुण्याचा लांबट आवाज टाकून त्याने त्याला शोधणाऱ्या माणसाचा आवाज दिला, स्वतःच्याच प्रश्नाने थोडा घाबरलेला. पुन्हा बाग भरली. पाहुण्याने राक्षसाला अधांतरी उचललं. या वेळी मल्ल हसला नाही. हातातल्या खरवडणीने दंडावरचं तेल काढत तो हळूच म्हणाला, "पण मित्रा, उचलून धरलं तेव्हा हेराक्लीसचे पाय कशावर होते? त्याच मातीवर ना?"

पुढे लिहिलं होतं: पाहुणा गप्प बसतो. एरॅटोनही गप्प बसला. नटाला गप्प बसण्याइतकं अवघड काही नाही. पानं हलताना ऐकू येत होती. मग पाहुणा म्हणाला, "हे मला सुचलं नव्हतं. पण कुठे पाय रोवायचे, हे त्याला माहीत असावं लागलं की नाही?" मल्ल म्हणाला, "अंघोळ करून येतो. तू इथेच थांब." संवाद तिथेच संपला.

कुणी हसलं नाही, कुणी टाळी वाजवली नाही. मग मागच्या रांगेत दोघं हुज्जत घालायला लागले, मग चौघं, मग सगळी बाग. पोरं नदीकाठाने भांडत शहराकडे निघाली. एरॅटोन त्यांच्या मागून चालत होता. त्याच्या आवाजाचं कुणी नाव काढेना. सगळे हेराक्लीसच्या पायांवर तुटून पडले होते. याचंच त्याला इतकं बरं वाटलं की, कोपऱ्यावर थांबून त्याने मेलित्तासाठी तिळाची गोड पोळी घेतली.

पुढे डेक्सिथिअसचा प्रत्येक नवा संवाद आधी एरॅटोनच्या घरी वाचला जाऊ लागला. पडदा राहिला, पण पडद्यामागचं माणूस गप्प राहिलं नाही. उतारवयात एका गावच्या उत्सवात एरॅटोनला राजाची भूमिका करायला बोलावलं. तो हौसेने गेला, चांगलं काम केलं, आणि दोन बकऱ्यांची कातडी बक्षीस घेऊन परतला.

"कसा झाला राजा?" मेलित्ताने विचारलं.

"छान झाला. पण त्याला कुणी उलट बोलतच नाही गं. करमलं नाही."

"हात धुवा," ती म्हणाली, "गुरुजी येऊन बसलेत, आज देवांवर काहीतरी आणलंय." एरॅटोनने प्रवासाचा अंगरखाही न उतरवता गुंडाळी हातात घेतली.