झोटवाड्याचं लघुशक्ती केंद्र आणि आपल्या काकू

मंडळी, आज दुपारी झोटवाड्याला जाऊन आलो. तिथल्या जुन्या लघुशक्ती दूरचित्रवाणी केंद्राचा मनोरा उतरवताहेत. 'लघुशक्ती' हे सरकारी नाव. नावाला जागलेली सरकारी गोष्ट मी तेवढीच पाहिली. चित्र जेमतेम झोटवाडा ओलांडायचं.

सोबत आपल्या मराठी मंडळातले देशपांडेकाका होते. काकू त्या केंद्रावर संध्याकाळी मुलांना सुभाषितं सांगायच्या. घर मालवीय नगरात, म्हणजे हद्दीबाहेर. बायको टीव्हीवर आणि नवऱ्याच्या टीव्हीवर नुसत्या मुंग्या. बँकेतून सुटून झोटवाडा गाठेपर्यंत कार्यक्रम संपलेला असायचा. "कॅसेट आहे की, बघू निवांत," असं दोघंही म्हणत राहिले. या हिवाळ्यात काकू गेल्या.

तिथल्या जुन्या ऑपरेटरने कपाटातून काकूंच्या नावाची कॅसेट शोधून लावली. पडद्यावर गोपालपुऱ्याच्या क्लासमधले गणिताचे सर आले.

"अंकलजी, टेप कम आते थे," तो खाली बघत म्हणाला. "उसी पर दूसरा रिकॉर्ड कर लेते थे."

काकांनी सरांचा अख्खा तास पाहिला. मग म्हणाले, "भैया, फिर से लगाओ."

मी म्हटलं, "काका, त्यात काकू नाहीत हो."

"सरांच्या खाली असेल ना कुठेतरी."

कुठेही श्लोक ठोकतो म्हणून तुम्ही मला चिडवता. आज एकही सुचला नाही.

त्या काळी झोटवाड्यात राहणारं इथे कोणी आहे का? रेकॉर्डिंग नसलं तरी चालेल. काकू पडद्यावर कशा दिसायच्या, तेवढं काकांना फोन करून सांगा.