मिठाच्या हौदावरचे मामा

पाण्यात बोट बुडवायचं, जिभेला लावायचं आणि पचकन थुंकायचं, ही मामांची रोजची पहिली कामगिरी. "आणखी एक पोतं लागन," एवढं बोलून ते खडेमिठाचं पोतं खांद्यावर घेत.

तुम्ही भंडाऱ्याकडचे असाल तर हायवेवरचं ते सागर उद्यान नावाचं मत्स्यालय पाहिलं असेलच. गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्यानंतर ते उघडलं आणि चांगली पंधरा वर्षं चाललं. आपल्याकडे समुद्र कुठला? बोअरच्या पाण्यात मीठ ओतलं की झाला समुद्र. मी तिकीट खिडकीवर होतो.

मामा सानगडीकडचे ढिवर. मासे कळतात म्हणून मालकाने त्यांना ठेवलं होतं. पण तळ्यावर वाढलेल्या त्या माणसाला मासा नुसता कोंडून ठेवणं पटायचंच नाही. "खायाचा असन त मारा, नाई त सोडा. पाहाले कायले ठेवता?" असं ते मालकाला तोंडावर विचारत. मालक हसण्यावारी न्यायचा.

सगळ्यात जास्त गर्दी समुद्री कासवापुढे. जेमतेम दोन खाटांएवढा त्याचा हौद. काचेवर घासून घासून तोंड सोललेलं. लोक काच बडवत, पाण्यात कुरकुरे टाकत. मामा रोज त्याला बाहेर काढून हळद लावत, आणि दरवर्षी मालकाच्या मागे लागत, की याला समुद्रावर नेऊन सोडू, मी स्वतः घेऊन जातो. मालकाचं उत्तर ठरलेलं, पुढच्या वर्षी. मला त्या सगळ्याची किळस यायची. पगार घेताना ती कधी आड आली नाही.

एका तीळसंक्रांतीला सकाळी कासव मेलेलं सापडलं. बाहेर ही रांग. मालकाने त्याच्या पुढच्या पायाला नायलॉनची दोरी बांधली आणि मामांना हौदामागे बसून ती हलवत राहायला सांगितलं. संध्याकाळपर्यंतच, म्हणाला.

मामा बसले. दोनदा ओढली असेल. मग उठून पुढे आले आणि काचेपुढच्या लोकांना शांतपणे म्हणाले, "मेलं हाये ते. घरी जा."

लोक आणखी पुढे सरकले. एका बाईने नीट दिसावं म्हणून मुलाला उचलून धरलं.

मामा माझ्या खिडकीसमोरून तसेच फाटकाबाहेर पडले. पुन्हा कधी दिसले नाहीत.

पुढची रांग आत यायची होती. मालकाने मला हाक मारली. मी खिडकी दुसऱ्याकडे सोपवली, हौदामागे जाऊन बसलो आणि अंधार पडेपर्यंत दोरी ओढत राहिलो.