मावशींचा हळू आवाजाचा बाजा

मावशींकडे गाणं ऐकायला जायचं, तर डोक्याला डोकं लावून बसायची तयारी ठेवावी लागे. हातात धरून नेता येईल असा त्यांचा किल्लीचा ग्रामोफोन बदली झालेल्या कुण्या साहेबानं विकलेला होता आणि त्याचा आवाज पेटीपासून वीतभर गेला की संपे. दाराशी उभं राहून कुणी कुरकुरलं की मावशी म्हणत, "तिथं काहून उभा आहे बे? गानं का तुह्या पायाशी चालत येईन? ये इकडं, बस!"

त्या माझ्या सख्ख्या मावशी नव्हत्या. अमरावतीत आमच्या शेजारी राहत, सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. अर्धा मोहल्ला त्यांच्या हातून जन्मलेला, त्यामुळे कुणालाही झापायचा त्यांना हक्कच होता. भांडलेल्या जावांना त्या गाण्याला बोलावत आणि पेटीच्या दोन बाजूंना बसवत. दुसऱ्या तबकडीपर्यंत बोलणं सुरू होई. बाजा दुरुस्त करा म्हटलं की म्हणत, "बिघडला कुठं? चालून तर राहिला."

हे मला कळायला हवं होतं. पण मी तेव्हा अकोल्याला बांधकाम खात्यात नवा कारकून, म्हणजे अक्कल ओसंडून वाहण्याचे दिवस.

धम्मदीक्षेनंतर आमच्या लोकांत लग्नं नव्या बौद्ध पद्धतीनं लागू लागली होती. मुलगी बघणं मात्र जुनंच. चालून दाखव, भाकरी येते का सांग. मावशींना याचा संताप. "पोरगी आहे का बैलजोडी?" तेल्हाऱ्याची सुमन मला सांगून आली, तेव्हा त्यांनी बघण्याचा कार्यक्रम स्वतःच्या घरी ठेवला. मला एवढीच धास्ती होती की मुलीच्या मनात नसताना तिचा काका लग्न उरकून टाकेल. तिला विचारायचं होतं, पण काकासमोर विचारणार कसं?

आणि अशा वेळी मी काय केलं? पाहुण्यांवर छाप पडावी म्हणून आदल्या आठवड्यात बाजा अकोल्याला नेला आणि एका घड्याळवाल्याकडून त्याची आवाज उमटवणारी, तडकलेली अभ्रकाची चकती बदलून आणली.

कार्यक्रमाच्या दिवशी बाजा असा कडाडला की गल्लीतली कुत्री उठून बसली. काका खूश! ओसरीवरून आत आले, मधोमध मांडी ठोकून बसले. "वा! अजून एक लावा." सुमन एका भिंतीला, मी दुसऱ्या भिंतीला. तीन तबकड्या झाल्या. काकांनी तेल्हाऱ्याच्या मोटारीची वेळ विचारली, तरी माझा सुमनशी एक शब्दही झाला नव्हता.

तेवढ्यात मावशी दवाखान्याची पिशवी घेऊन बाजापाशी बसल्या. पेटीच्या आत भोंगा दडवलेला असतो, त्याच्या तोंडात त्यांनी पाठमोऱ्या बसून कापसाचा बोळा कोंबला. गाणं एकदम विहिरीत पडल्यासारखं झालं.

"गेला!" मावशी कपाळावर हात मारून म्हणाल्या. "या बाबूनं दुरुस्त केला होता न, म्हून गेला!"

"असा आहे का पोरगा?" काका माझ्याकडे संशयानं बघत उठले.

"चला भाऊ, तुमी बाहीर चहा घ्या. पोरांनो, ऐकू येत नसन तर जवळ बसा."

आम्ही पेटीवर वाकलो. मी शब्द जुळवत होतो, तोवर सुमनच पुटपुटली, "मले मास्तरीण व्हायचं आहे. लग्नानंतर शिकू द्यान का?"

मी "हो!" म्हणालो. म्हणजे ओरडलोच. ओसरीवर काकांच्या हातातली बशी हिंदकळली. "पोरगा तयार आहे!" त्यांनी तिथूनच जाहीर केलं.

"अन् पोरगी?" मावशींनी विचारलं. सुमननं मान वर केली आणि ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मी बी."

ती मास्तरीण झाली, पुढे शाळेची मोठी बाई झाली. मावशी नोकरी संपल्यावर शेंदूरजनाघाटला भावाच्या संत्र्याच्या बागेत राहायला गेल्या आणि तिथंच वारल्या. मोहल्ल्यातले भांडखोर तेव्हापासून बिनधास्त भांडतात.

आमच्या घरी तेवढी सोय नाही. मी चढ्या आवाजात सुरुवात केली की सुमन आपला आवाज इतका खाली नेते, की मुद्दा ऐकायला मला उठून तिच्या शेजारी जाऊन बसावं लागतं. आणि एकदा शेजारी बसलं की मला काही केल्या भांडता येत नाही.