सहमत आहे, साहेब

एका जागी स्वस्थ बसणं मला कधी जमलं नाही. आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी आहे. अशा मुलीला नव्या जालन्यात एका बियाणे कंपनीच्या ऑफिसात काम मिळालं, तेही दिवसभर कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत बसण्याचं. दोन हजार साल उलटून तीन-चार वर्षं झाली होती. मी भोकरदनहून सकाळच्या बसनं यायचे आणि राजूर मागे पडलं की मनात एकच यायचं. आजही तिथं कोणी काही लिहिलेलं नसेल.

तिथं म्हणजे पोर्टलवर. पुण्याच्या एका कंपनीनं ते आम्हाला बसवून दिलं होतं. सगळ्यांनी एकाच ठिकाणी बोलावं, कागद एकमेकांना दाखवावेत, शेतावरच्या माणसाला प्रयोगशाळेत काय चाललंय ते कळावं, असा बेत. कोण हजर आहे ते नावापुढच्या हिरव्या ठिपक्यावरून कळायचं. साहेबांना त्यातल्या चर्चेच्या पानाचं भारी कौतुक. ते काहीतरी मांडायचे, त्याखाली बाकीच्यांनी लिहायचं, आणि कोणी कोणी लिहिलं याचा तक्ता मी शनिवारी द्यायचा. मी तात्पुरती होते. तक्ता भरलेला दिसला तर दिवाळीला पक्कं करू, असं साहेबांनी मला सांगून ठेवलं होतं.

पण कोणी लिहीना. मी दर पाच मिनिटांनी पान उघडून बघायचे, उठायचे, पाणी प्यायचे, पुन्हा येऊन बघायचे. ठिपके हिरवे, पान कोरं. कारण कळायला मला महिना लागला. साहेबांच्या हट्टापायी सगळी बटणं मराठीत केली होती आणि त्यांच्या मजकुराखालच्या बटणावर लिहिलं होतं, 'उत्तर द्या'. माणसं ते वाचून हात मागे घ्यायची. साहेबाला उत्तर देणं म्हणजे उलट उत्तर देणं, हे सगळे घरून शिकूनच आलेले. ज्या एकदोघांनी धीर केला त्यांनी अर्ज लिहिला, वर 'विषय' आणि खाली 'आपला विश्वासू'. मी पुण्याला फोन करून बटणावर 'मत द्या' लिहा म्हटलं, तर तिथला मुलगा हसला आणि म्हणाला, लोकांना निवडणूक वाटेल.

सगळ्यांचे पासवर्ड मीच करून दिले होते. ज्याचं जे गाव तोच पासवर्ड, म्हणजे कोणी विसरायला नको. एकदा शेतावरच्या एका अधिकाऱ्यानं फोन करून सांगितलं, मॅडम, माझ्याकडून तुम्हीच काहीतरी लिहून टाका. मी लिहिलं, 'सहमत आहे, साहेब.' पुढच्या आठवड्यात दुसऱ्यानं सांगितलं. त्यानंतर मी कोणी सांगायची वाट बघितली नाही. शनिवारचा तक्ता भरायला लागला, साहेब खूश झाले, आणि माझ्या जिवाला जरा थारा मिळाला. आपण काही वाईट करतोय असं मला खरंच वाटलं नाही.

प्रयोगशाळेत एक काका होते. बियाणं ओल्या कागदात गुंडाळून ठेवायचं आणि कपाशीची उगवण दोनदा मोजायची, चौथ्या दिवशी आणि बाराव्या दिवशी, हे काम ते वीसेक वर्षं करत होते. बोलणं अगदी कमी. पोर्टलचं मी समजावून सांगायला गेले तेव्हा म्हणाले होते, मी रोपं मोजून राह्यलो, मला ते काय कामाचं. त्यांच्या नावानंही मी सहमत होत असे.

मे महिन्यात हंगाम तोंडावर आला आणि साहेबांनी पानावर मोठा मजकूर टाकला. शुक्रवारची दुपार होती, तक्ता रिकामा होता. मजकूर मी पूर्ण वाचलासुद्धा नाही. पाव तासात सात नावांनी 'सहमत आहे, साहेब' लिहून मोकळी झाले. त्यात काका होते.

सोमवारी कळलं की मजकूर काय होता. बाराव्या दिवसाची मोजणी बंद, चौथ्या दिवसाच्या आकड्यावरच माल बाजारात सोडायचा. काका साहेबांच्या केबिनमध्ये गेले, आणि पाठोपाठ मला बोलावणं आलं.

काका उभ्यानंच सांगत होते की चौथ्या दिवशी जे ताठ दिसतं त्यातलं कितीतरी बाराव्या दिवशी सडलेलं निघतं, आणि ते शेतकऱ्याच्या गळ्यात मारायचं का. साहेब रागावले नाहीत. त्यांनी पडदा काकांकडे वळवला आणि म्हणाले, तुम्हीच तर होकार दिलाय. काकांनी चष्मा लावून ती ओळ बराच वेळ वाचली.

"मी न्हाई लिहिलं हे," ते म्हणाले.

साहेबांनी माझ्याकडे बघितलं.

"काकांच्या नावावर आहे, साहेब," मी म्हटलं.

खोटं नव्हतं ते. एवढ्यावर मी स्वतःची समजूत घातली. काकांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं, असंल मंग, म्हणाले आणि निघून गेले.

पुढचे दोन दिवस असेच गेले. प्रयोगशाळेच्या दारापर्यंत जायचे आणि परत फिरायचे. साहेबांच्या केबिनच्या काचेतून त्यांचं डोकं दिसायचं, आणि सांगून टाकावं असं वाटता वाटता दिवाळी आठवायची. तिसऱ्या दिवशी दुपारी काका स्वतःच माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, पासवर्ड बदलून पायजे, अन् तो तुमाला दिसायला नको. मी त्यांना जागा दाखवली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. त्यांना टायपिंग येत नव्हतं, पण पिशव्यांवरच्या लेबलांमुळे इंग्रजी अक्षरं येत होती. त्या अक्षरांत ते मराठी लिहीत होते, एका बोटानं. एक कळ वाजायची, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरी. अर्धा तास मी त्या भिंतीकडे बघत होते. इतका वेळ एका जागी मी जन्मात उभी राहिले नसेन.

ते उठल्यावर मी चर्चेचं पान वाचलं. 'साहेब, चौथ्या दिवसावर माल सोडू नका. बारावा दिवस मोजावाच लागतो. आधी सहमत लिहिलं ती माझी चूक.'

"काका, ते तुम्ही कुठं लिहिलं होतं?" मी विचारलं.

त्यांनी चष्मा खिशात ठेवला.

"नावावर हाय म्हणल्या न तुम्ही. मंग माझंच झालं की."

त्यात राग असता तर मी रडले तरी असते. ते मोजणीला निघून गेले.

त्याच संध्याकाळी साहेबांनी बारावा दिवस पुन्हा सुरू केला. शनिवारच्या बैठकीत ते सगळ्यांसमोर म्हणाले की यापुढे लिहिण्याआधी माणसानं वाचत जावं, आज हो आणि उद्या नाही, असं काही जणांचं चाललंय. कोणाबद्दल ते सगळ्यांना कळलं आणि सगळे हसले. काकांनी मान खाली घातली. मी तक्त्याच्या प्रती वाटत होते. त्या वाटता वाटता मीही हसले.

दिवाळीला मी पक्की झाले.