खोकल्यासकट

खालच्या मजल्यावरच्या बाई पहिल्यांदा माझ्या दारात आल्या त्या तक्रार घेऊन.

"मास्तर, दुपारी खुर्ची ओढू नका हो. माझ्या पुस्तकात ऐकू येते."

मला काही उमगेना, तेव्हा त्यांनी खाली नेऊन दाखवले. कपड्यांच्या कपाटात चहूबाजूंनी रजया टांगलेल्या, मध्ये स्टूल आणि माइक. छापखान्यात मुद्रिते तपासण्यात सारी नोकरी घालवलेल्या या बाई आता कपाटात बसून जुनी पुस्तके मोठ्याने वाचत. लेखक जाऊन कायद्याने ठरवलेली वर्षे उलटली, आता कुणाचाच हक्क उरला नाही, अशीच पुस्तके. आवाज इंटरनेटवर चढवायचा आणि खाली लिहायचे, 'कुणीही ऐकावे, न्यावे, वाटावे.' ऐकणारे बहुतेक अंध.

कपाटाशेजारच्या पलंगावर त्यांचे दमेकरी यजमान. ऐन रंगात आलेल्या प्रसंगात त्यांचा खोकला हमखास हजर.

"तेवढा कापून टाका की," मी म्हटले.

"तुमची खुर्ची कापते ना. ह्यांना कशी कापू?"

ऐकणारेही फोन करून विचारत, "या भागात काका कमी खोकले. बरे आहेत ना?"

पुढे यजमान गेले. आणि त्यानंतर काही महिन्यांनी एका सकाळी बाईंची सगळी वाचने इंटरनेटवरून काढून टाकलेली दिसली. एका कंपनीने ती उचलली होती, यंत्रातून खोकला धुऊन काढला होता आणि आपल्या ॲपवर विकायला ठेवली होती. एवढ्यावर पोट भरले नाही म्हणून बाई जिथे वाचने चढवत त्या संकेतस्थळाकडे दावाही केला, की या बाईंनीच आमचा माल चोरला.

"नेले याचे मला काही नाही," बाई म्हणाल्या. "न्यायलाच ठेवले होते. पण माझ्याच दाराला ह्यांचे कुलूप?"

मी कंपनीला फोन लावून स्पीकरवर ठेवला. पलीकडचा गृहस्थ तोंडात साखर धरून बोलत होता.

"आजी, आमच्या प्रतीत खोकला नाही, तुमच्या प्रतीत आहे. म्हणजे मूळ स्वच्छ प्रत आमची, खोकला तुम्ही मागून घातलात, असंही म्हणता येईल ना?"

"माझ्या नवऱ्याचा खोकला मी मागून घातला?"

"मी म्हणत नाही हो, म्हणता येईल. हरकत घ्या खुशाल. फेटाळली गेली तर तुमचं खातंच बंद होईल. त्यापेक्षा आमचीच प्रत मान्य करा, तुमचं नाव टाकू आम्ही."

"कुठं?"

"खाली. बारीक अक्षरात."

बाईंनी फोन बंद केला. मी उठून मोरीवर हात धुतले. दुसऱ्याची वही उतरवणारी मुले मी जन्मभर पाहिली, पण पकडल्यावर ती मान तरी खाली घालत. वही ज्याची त्यालाच चोर ठरवून वर गोड बोलणारा हा पहिलाच. किळस आली.

बाईंनी हरकत घेतली. ती फेटाळली गेली, खाते बंद झाले. कळवणाऱ्या संदेशाच्या शेवटी सहकार्याबद्दल आभार मानले होते. ती ओळ बाईंनी मला दोनदा वाचून दाखवली, अगदी स्पष्ट उच्चारात.

ॲपवर ती स्वच्छ वाचने अजून विकली जातात. बाई हल्ली आपली ती जुनी वाचने खोकल्यासकट पेन ड्राइव्हवर भरतात आणि भाजीच्या पिशवीतून अंधांच्या वसतिगृहात नेऊन देतात.