मध जाळला म्हणे करंटभाऊंनी

करंटभाऊ कोणाच्या घरी गेले की आधी माणसांकडे बघत नसत, भिंतीवरच्या स्विचबोर्डाकडे बघत. "हे कोण्या गाढवानं जोडलं?" हाच त्यांचा नमस्कार. घरमालकानं ओशाळून मेव्हण्याचं नाव सांगितलं की मेव्हण्याचा उद्धार होई, आणि चहा त्यानंतर. एटापल्लीत त्यांना त्यांच्या खऱ्या नावानं कोणी हाक मारल्याचं मला आठवत नाही.

मूळचे वरोऱ्याकडचे. घुग्घुसला खाणीत वायरमन होते, ती नोकरी साहेबाशी भांडून सोडली. भांडण कशावरून, तर एका ढिल्या जॉइंटवरून. आमच्याकडे येऊन त्यांनी रेडिओ आणि मोटार दुरुस्तीचं दुकान टाकलं. गिऱ्हाइकापेक्षा आवाज मोठा असलेला दुकानदार मी दुसरा पाहिला नाही. तरी लोक जात, कारण त्यांनी जोडलेली तार पुन्हा सुटत नसे.

मी तेव्हा वनोपज सोसायटीत मध मोजून घ्यायला होते. उन्हाळ्यात सूरजागडच्या डोंगरातली माणसं आग्या मोहोळाचा मध आणत. थंडी पडली की तो डब्यात तळापासून साकळायचा, रवाळ व्हायचा. चांगला मधही साकळतो. पण नागपूरच्या व्यापाऱ्याचा माणूस डब्यात बोट घालायचा, चोळायचा आणि म्हणायचा, "साखर मिसळली." तेही चैतूसमोर! चैतू म्हणजे गवताचा धुमसता पेंढा घेऊन उंच झाडावर चढणारा, डोळे सुजवून घेऊन मध आणणारा माणूस. तो नुसता माझ्याकडे बघायचा. त्या बोटाची आठवण झाली की आजही माझं डोकं फिरतं.

एकदा हे चाललं असताना करंटभाऊ स्टुलावर उभे राहून ऑफिसचा पंखा खोलत होते. ते खाली उतरले, पाना हातातच. "साखर? याच्या पाड्यावर चहाले साखर नाई, अन् हा मधात टाकते? तुले मध पातळच पायजे न? मी करून देतो. मंग बोट घालजो."

तिथून ते कपाट सुरू झालं. सोसायटीचं जुनं सागवानी कपाट त्यांनी आतून पत्र्यानं मढवलं. खाली बल्ब, बल्बांवर आडवा पत्रा, वर मधाचे डबे. गरमी आवरायला एका मोडक्या अंडी उबवायच्या यंत्रातली पितळी डबी कुठूनतरी पैदा केली. कपाट तापलं की डबी फुगायची, स्विच दाबायची आणि बल्ब विझायचे. निवलं की पुन्हा पेटायचे. "मधाले ताप आला पायजे, चटका नाई," ते म्हणत. अर्थिंगच्या खड्ड्यासाठी माझ्याकडून कोळसा आणि मीठ मागून नेलं. मीठ कमी दिलं म्हणून मलाही बोलले.

डबी किती फुगल्यावर स्विच दाबेल, ते एका पेचावर ठरायचं. थर्मामीटर घेऊन ते दिवसदिवस त्या पेचाशी बसले. मनासारखं जमलं तेव्हा त्याच्यावर लाख वितळवून ओतली आणि सोसायटीच्या अध्यक्षांसकट सगळ्यांना बजावलं, "याले हात लावाल तं हात तोडीन. मध आपल्या चालीनं वितळन. घाई असन त्यानं शरबत प्यावा."

पहिले डबे कपाटात ठेवले आणि व्यापाऱ्याचा ट्रक एक दिवस आधीच येतो असा निरोप आला. सकाळी मी ऑफिस उघडलं तर जळक्या गुळाचा वास. मध काळा पडलेला, आणि जमिनीवर लाखेचे तुकडे. अध्यक्ष आधीच येऊन बसले होते. मला म्हणाले, "काल जाताना जरासा पेच फिरवला. ट्रक थांबला असता काय? तू बोलू नको कुठं."

ट्रक रिकामाच परत गेला. त्या दिवशी बाजार होता, चैतू आणि त्याच्याबरोबरची माणसं ऑफिससमोर गोळा झाली. अध्यक्ष पायरीवर उभे राहून म्हणाले, "करंटभाऊची मशीन! वायरिंग चुकवलं त्यानं." करंटभाऊ तिथंच होते. त्यांनी लाखेचे तुकडे पाहिले होते. मी बोलायला तोंड उघडलं, तर त्यांनी असं रोखून पाहिलं की माझे शब्द तोंडातच राहिले. मग ते चैतूला म्हणाले, "हाव भाऊ. माह्याच हातून झालं."

लोक पांगल्यावर मी त्यांच्यावर तुटून पडले. एका ढिल्या स्क्रूसाठी गाव डोक्यावर घेणारा माणूस आज मुका का झाला? तर म्हणाले, "बाई, अध्यक्षानं जाळला म्हणजे सोसायटीनं जाळला. मंग चैतू मध कोणाले देते? सोसायटी सोडून थेट त्याच बोटवाल्याले, मिठाच्या बदल्यात. मिस्त्रीनं जाळला तं मिस्त्री बदलून जाते."

मिस्त्री बदलून जातो म्हणे! मला त्यांचा इतका राग आला होता की मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. मिस्त्री खरंच बदलला. मध जाळणाऱ्याकडे रेडिओ कोण देणार? दुकान बंद करून ते घुग्घुसला परत गेले. जाण्याआधी ऑफिसात आले, पेच पुन्हा बसवला, नवी लाख ओतली. या वेळी कोणाला दम दिला नाही. कपाट पुढं बिनतक्रार चाललं, चैतूचा मध मानानं विकला जाऊ लागला, आणि त्या कपाटाबद्दल शाल-नारळ मिळाला तो अध्यक्षांना. मी टाळ्या वाजवल्या नाहीत. तेवढंच केलं.

काही वर्षांनी करंटभाऊ गेल्याचं कळलं. पुण्यानुमोदनाच्या सभेला मी घुग्घुसच्या बुद्धविहारात गेले. अध्यक्षही आले होते. बोलायला उभे राहिले आणि हसत हसत म्हणाले, "भाऊंनी एकदा आमचा सगळा मध जाळला होता, पण माणूस लाखमोलाचा." लोकही हसले. मी उठले. पेच कोणी फिरवला, लाख कोणी फोडली, भाऊ का गप्प राहिले, सगळं भरसभेत सांगितलं. माझा आवाज चढला होता, आणि चढू दे. अध्यक्ष चपला शोधायला लागले.

भाऊंची बायको पुढच्या रांगेत बसली होती. सभा उठली तरी ती उठली नाही. मला जवळ बोलावून तिनं विचारलं, "बाई, हे खरं होय?"

मी हो म्हटलं.

"भांडण झालं का मी त्यायले म्हणो, लोकायचा मध जाळला, आता माहा जीव जाळा. दरवेळेस म्हणो मी. ते उठून बाहेर जात." तिनं पदर तोंडाला लावला. "मले तरी सांगाचं होतं न त्यायनं."