टोचणाऱ्या शब्दांचा वर्ग

शिकवणाऱ्याकडे किस्से साठतात, माळ्यावर रिकामे डबे साठतात तसे. उपयोग नसतो आणि टाकवतही नाहीत. लालबागच्या आमच्या चाळीत, मंडळाच्या खोलीत, दर शनिवारी दुपारी मी मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते. नियम एकच, शब्द हवा तर वस्तू आणा. पाठांतराचा मला मनस्वी कंटाळा आहे.

*

टोकदार, धारदार वस्तूंचे शब्द घ्यायचं ठरलं. ‘शार्प’साठी पाच बायकांनी पाच विळ्या आणल्या. मंडळाचे अध्यक्ष सहज डोकावले. ओळीने मांडलेल्या विळ्या पाहून “चालू द्या” म्हणाले आणि दार ओढून घेऊन गेले.

*

‘स्पायकी’साठी जाधवांनी कणकवलीहून आलेला फणस आणला. विळ्या हाताशी होत्याच. वर्ग त्या एका शब्दावर आटपला. नंतर सगळे हाताचा चीक काढायला तेल शोधत होते.

*

वर्गातले कांबळे वरळीच्या एका टॉवरमध्ये वॉचमन आहेत. रजिस्टर नेहमी जोडीदाराकडून लिहून घ्यायचे. एकदा पार्किंगमधली काच फुटली, तेव्हा त्यांनी स्वतः लिहिलं, ‘ग्लास जॅग्ड. डोन्ट टच.’ जॅग्ड म्हणजे दातेरी कडांचं, शब्द वर्गातलाच.

मॅनेजरने विचारलं, “हे कोणी लिहिलं?” काहीतरी चुकलं असं वाटून कांबळे म्हणाले, “जोडीदाराने.” शाबासकी जोडीदाराला मिळाली. हे सांगताना कांबळे हसत होते. मला मात्र राग आला, अजून येतो.

*

परबकाकू वर्गात आल्या त्या नवऱ्यासाठी. काका परळच्या एका हॉस्पिटलात होते. डॉक्टरांना मराठी येत नव्हतं. नर्स मधे राहून अर्थ सांगायची, पण काकांचं उत्तर ठरलेलं, “काय नाय.” दुखणं नेमकं कसं आहे ते कळल्याशिवाय औषध बदलता येईना. काकूंना बाकी इंग्रजी नको होतं, फक्त टोचण्याबोचण्याचे शब्द हवे होते. ते त्यांनी आठवडाभर घोकले.

मग एका डब्यात सुई, माशाचा काटा आणि फणसाच्या सालीचा तुकडा घेऊन त्या भेटीच्या वेळेला गेल्या.

“मी डबो त्यांच्यापुढे धरलंय,” काकू मला सांगत होत्या. “म्हटलंय, बोलू नकात. ज्याच्यासारखा दुखता, त्याका नुसतो हात लावा.”

काकांनी बराच वेळ डब्यात पाहिलं आणि काट्यावर बोट ठेवलं. काकू डॉक्टरांना म्हणाल्या, “प्रिकिंग. ऑल डे.” औषध बदललं. त्या दुपारी काका कितीतरी दिवसांनी शांत झोपले.

मला फार बरं वाटलं. मी म्हटलं, “काकू, आता तुम्हीही जरा झोपा.”

“नाय ओ बाई, डोळो मिटलो काय तो काटो दिसता,” काकू म्हणाल्या. “ते ‘काय नाय’ म्हणायचे ना, तेव्हा माका झोप लागायची.”